सरोवराचा काठ आणि आपला केर



लोणारचे सरोवर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. बेसाल्टच्या काळ्या खडकावर अशनी आदळून झालेले ते विवर. व्यास सुमारे १.८ किलोमीटर. तेथे पाण्याला आत यावयास झरे आहेत, ओहळ आहेत. बाहेर वाहून जावयास मात्र एकही वाट नाही. पाणी उन्हाने वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात, आणि आपण टाकलेला केरही मागेच राहतो. नदीत टाकलेले निदान पुढच्या गावी जाते, अशी आपण मनाची समजूत घालतो. येथे तेवढीही सोय नाही.

हे पाणी किती हळवे आहे, ते २०२० च्या जूनमध्ये दिसले. पाणी आटून क्षार वाढले, तेव्हा खारटपणात पोसणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे सरोवर गुलाबी झाले. हा परिसर २००० सालापासून अभयारण्य आहे. २०२० साली त्याचे नाव रामसर यादीतही गेले. मान मोठा खरा. पण वाऱ्यावर उडणारी पिशवी काही याद्या वाचून थांबत नाही.

म्हणून आम्ही काही मंडळी वनखात्याच्या परवानगीने केर वेचावयास जाऊ लागलो. पहिला रविवार भर उन्हाळ्यातला. उत्साह असा की, बाटल्या आणि पुड्यांबरोबर आम्ही काटक्या-पाचोळाही पोत्यात भरला. काठ अंगणासारखा लख्ख करावयाचा होता ना! डोक्यावर एक टिटवी आकांताने ओरडत घिरट्या घालीत होती. आम्ही तिकडे लक्षच दिले नाही. शेवटी वनरक्षक म्हणाला, "भाऊ, पोते ठेवा खाली, आणि पायाखाली पाहा." हातभर अंतरावर, खड्यांत खड्यांसारखीच दिसणारी चार अंडी होती. टिटवी झाडावर घरटे बांधीत नाही. उघड्या जमिनीवरच अंडी घालते. आम्ही तिचे घर झाडून काढावयास निघालो होतो!

त्या दिवशी आम्ही पोती गुंडाळून वर आलो. तेव्हापासून आमचा नेम ठरला आहे : माणसाने टाकलेले तेवढेच उचलावयाचे, पाचोळ्याला हात लावावयाचा नाही. विणीच्या दिवसांत काठाशी जावयाचे नाही. त्या दिवसांत काम वर, विवराच्या कडेला आणि गावाच्या रस्त्यावर. मृगाच्या आधी तेथला केर उचलला, तर पावसाबरोबर तो खाली उतरतच नाही.

या कामाला पुष्कळ हात हवेत. पण ज्यांना येता येत नाही, त्यांच्याकडेही एक मागणे आहे. नवरात्रात आपण कमळजादेवीच्या दर्शनाला विवरात उतरता. देवीला नारळ अवश्य न्या. पिशवी मात्र आपली आपण परत घेऊन या.