विक्रीचा नेम

(शाहूपुरी येथे संघाच्या वार्षिक मेळाव्यात नवव्यापारी तरुणांपुढे केलेले भाषण)



व्यापारात नव्याने पाऊल टाकणाऱ्या आपल्या मुलामुलींस चार शब्द सांगावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. विद्वत्तेचा अधिकार आमच्याकडे नाही. तराजूमागे बसून जे शिकलो, तेवढेच निवेदन करतो.

आज आपण ज्या पेठेत जमलो आहोत, ती राजर्षी शाहू छत्रपतींनी १८९५ मध्ये वसविली. त्यापूर्वी चार वर्षे, १८९१ मध्ये, कोल्हापुरास रेल्वे आली होती. येथील गुळास हक्काची बाजारपेठ मिळावी, हा महाराजांचा हेतू. पण पेठ वसविणे म्हणजे केवळ रस्ते आखणे नव्हे. व्यापारी असेल तर शेतकरी गूळ आणणार, आणि गूळ येत असेल तर व्यापारी बसणार, असा हा पेच असतो. एकच धोरण वर्षानुवर्षे चालविल्यावाचून तो सुटत नाही. नव्या विक्रेत्याचा पेचही नेमका हाच आहे.

आम्ही धंद्यास आरंभ केला तो मातोश्रींच्या पाटल्या गहाण ठेवून. गुळाचे किलो-किलोचे रवे किराणा दुकानदारांस पुरवावयाचे, असा बेत होता. पहिला महिना आम्ही लक्ष्मीपुरी व राजारामपुरीत फिरलो. विक्री बेताची झाली, म्हणून दुसऱ्या महिन्यात इचलकरंजी गाठली. कोणी म्हणाले काकवीत नफा आहे, तेव्हा काकवीच्या बाटल्या भरल्या. पुढे दर उतरविला, आणि शेवटी उधारी खुली केली. सहा महिन्यांत निम्मे भांडवल लोकांच्या घरी जाऊन बसले. एके दिवशी लक्ष्मीपुरीतील एक दुकानदार भेटले व म्हणाले, “अहो, तुमचा गूळ आठवड्यात संपला होता. तुम्ही पुन्हा फिरकलाच नाहीत. मग आम्ही दुसऱ्याकडून घेऊ लागलो.”

त्या रात्री मातोश्रींनी पाटल्यांविषयी चकार शब्द काढला नाही. एवढेच विचारले, “बाळ, देवाची पूजा रोज ठरल्या वेळी करतोस, मग धंद्यालाच नेम का नाही?”

दुसऱ्या दिवशी आम्ही वही घातली. दुकाने वीस, वार सोमवार व गुरुवार, माल एक, दर एक, आणि मागील बाकी आल्यावाचून नवा माल नाही. कोणी किती घेतले, का घेतले नाही, हे त्याच सायंकाळी लिहावयाचे. पहिले चार महिने वहीतील आकडे जवळजवळ हलले नाहीत. बेत मोडण्याचा मोह रोज होई. पण पाचव्या महिन्यात संक्रांत आली, आणि दुकानदारांनी आमच्या वाराची वाट पाहून मागणी नोंदविली. दुसऱ्या दिवाळीस पाटल्या सोडवून मातोश्रींच्या हाती घातल्या.

आमचा अनुभव लहान आहे, म्हणून मोठ्यांचे उदाहरण देतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली, असे सांगतात. त्यांनी नांगर सोडला नाही. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडीचा कारखाना उभा राहिला, आणि १९२० मध्ये त्यांचे पुतणे शंकरराव यांनी कारखान्याची व मालाची वार्ता देणारे ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक सुरू केले. मासिक म्हणजे दर महिन्यास ग्राहकाच्या दारी जाण्याचा नेमच नव्हे काय?

कोणी म्हणेल, हा हट्ट झाला. तसे नव्हे. हट्टी मनुष्य वही पाहत नाही. नेमस्त मनुष्य वही पाहूनच बदल करतो. गुळास संक्रांतीला उठाव असतो, तसा प्रत्येक मालाचा हंगाम असतो. म्हणून वर्ष पुरे झाल्याखेरीज बेताचा निकाल लावू नये. बदलावयाचे झाल्यास एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दर, माल आणि गिऱ्हाईक ही तिन्ही एकदम बदलली, तर कशाने लाभ झाला व कशाने तोटा, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. आणि वर्षभर घर चालेल एवढी तरतूद बाजूस ठेवूनच उरलेले भांडवल धंद्यात घालावे. चुलीची चिंता लागलेला मनुष्य नेम पाळू शकत नाही.

आजची मुले मोबाईलवर जाहिरात करतात. आम्हांस त्याचे कौतुकच आहे. परंतु पाच दिवस जाहिरात करून सहाव्या दिवशी निराश होणारा तरुण आणि लक्ष्मीपुरीत पुन्हा न फिरकलेले आम्ही, यांत आम्हांस काहीच अंतर दिसत नाही. साधन नवे आहे. चूक जुनीच आहे.

येथे बसलेल्या कित्येक घरांनी मुलांच्या दुकानासाठी दागिने मोडले असतील. त्या घरांस आमची विनंती एवढीच, की मुलास ‘आज किती कमावलेस’ असे रोज विचारू नका. ‘आजची वही लिहिलीस का’ असे विचारा.