नव्या गाण्यासाठी अर्धा तास

(मंडळाच्या संगीत संध्येच्या प्रारंभी सांस्कृतिक समितीतर्फे केलेले भाषण)



गाणी सुरू होण्याआधी आम्हाला एक कबुली द्यायची आहे. गेल्या वर्षी याच मंडपात आपल्यातलाच एक तरुण स्वतः लिहिलेली, स्वतः चाल लावलेली गाणी घेऊन आला होता. आम्ही त्याला आरतीआधीची दहा मिनिटे दिली. तो गात होता आणि आम्ही खुर्च्या सरकवत होतो. दुसऱ्या गाण्यानंतर त्याने गिटार खोळीत घातली आणि तो निघून गेला.

आपण इंदूरकर स्वतःला गाण्यातले दर्दी म्हणवतो. लताबाईंचे हे जन्मगाव, अमीर खाँसाहेबांचे हे इंदूर. शेजारच्या देवासात कुमारजी १९४८ साली आले ते आजारी होऊन. गाणे बंद पडले, पण कान उघडे राहिले. कानावर पडणारी माळवी लोकगीते त्यांनी मनापासून ऐकली आणि पुढे त्या धुनांतून नवे राग घडवले. ओळखीचे तेवढेच ऐकायचे असे त्यांनी ठरवले असते तर?

आजचे स्वतंत्र कलावंत सिनेमाच्या पाठबळाशिवाय गाणी करतात. बहुतेक जण पदरचे पैसे घालून ध्वनिमुद्रण करतात. त्यांची जाहिरात चौकात लागत नाही, म्हणून शोध आपल्यालाच घ्यावा लागतो.

सुरुवात ओळखीच्या उंबरठ्यावरून करावी. ‘अभंग रिपोस्ट’ ही मंडळी संतांचे अभंग गिटार आणि ड्रमच्या साथीने गातात. ‘कबीर कॅफे’च्या नीरज आर्य यांना प्रेरणा मिळाली ती आपल्या माळव्याच्या प्रह्लादसिंह टिपानियांच्या कबीरगायनातून. ‘इंडियन ओशन’च्या २००० सालच्या ‘कंदिसा’ या अल्बममधले ‘मा रेवा’ तर आपल्या नर्मदामाईचेच गाणे. त्यांच्यातले राहुल राम नर्मदा आंदोलनात होते. शब्द आपले, माती आपली, साज तेवढा नवा. तिथून पुढे रॉक, रॅप, जॅझ कुठेही जावे.

एक पथ्य मात्र पाळावे. नवे गाणे तीनदा ऐकल्याशिवाय नापसंत करू नये. पहिल्यांदा वाद्यांचा गलबला वाटतो, दुसऱ्यांदा शब्द कळतात, तिसऱ्यांदा चाल मनात राहते. नातवंडांच्या कानातली ती यंत्रे कधीतरी काढायला लावून ‘आम्हालाही ऐकव’ म्हणावे. आवडलेल्या गायकाचे नाव लक्षात ठेवावे, चार जणांना सांगावे आणि त्याच्या कार्यक्रमाचे तिकीट काढून जावे. फुकट पास मागू नये.

आम्ही यंदा त्या तरुणाच्या घरी गेलो. आधी तो ‘बघू’ म्हणाला. आमचे चुकले, असे आम्ही स्पष्ट सांगितले, तेव्हा तयार झाला. आज मध्यंतरानंतरचा अर्धा तास त्याचा आहे. चांगला माईक आहे, आणि इतरांइतकेच मानधनही. त्या वेळात प्रसाद वाटला जाणार नाही.

आपण फक्त बसून ऐकायचे आहे. आवडले तर टाळी द्या. नाही आवडले, तरी पूर्ण ऐका.

गणपती बाप्पा मोरया!