गाव हलवताना



नांदुरा तालुक्यात पूर्णेच्या काठी जिगावचं धरण होतंय. त्यापायी आसपासच्या कितीतरी गावांवर उठायची वेळ आली. धरण नको, असं मी म्हणणार नाही. हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही आणि पिकाला दिलं तर जमीन चोपण होते. गोडं पाणी शिवारात यावं, ही इथल्या पिढ्यांची आस आहे.

पण आज एका दूरच्या खेड्याची हकीकत सांगतो. उत्तर इटलीत, ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ, आल्प्सच्या दरीत कुरोन नावाचं लहानसं गाव होतं. गुरं, कुरणं आणि एक चर्च. विजेसाठी दोन तळी एक करून मोठा जलाशय करायचं ठरलं. गावाची बोली जर्मन, नोटीस लागली इटालियनमध्ये. गावचे धर्मगुरू पोपपर्यंत जाऊन आले, तरी काही हाती लागलं नाही. घरं सुरुंग लावून पाडली आणि १९५० साली गाव पाण्याखाली गेलं. उरला तो चौदाव्या शतकातला चर्चचा मनोरा. पाण्यातून वर आलेला तो मनोरा पाहायला आज जगभरातून लोक येतात. खाली कुणाचं घर होतं, हे त्यांच्या फोटोत दिसत नाही.

आपल्या गावांचं असं होऊ नये. मोबदला, भूखंड, १८ नागरी सुविधा हा हक्क आहे, त्याचा पाठपुरावा करायचाच. पण आणखी दोन कामं आपल्याच हातची आहेत.

पहिलं, शेजार मोडू देऊ नका. चिठ्ठ्या टाकून प्लॉट वाटले, की अडीनडीला धावणारी शेजारीण चार गल्ल्या पलीकडे जाते आणि घरातलं म्हातारं माणूस एकटं पडतं. ग्रामसभेत ठराव करा, गल्लीची गल्ली एकत्र मागा.

दुसरं, गाव लिहून ठेवा. सातबाऱ्यावर गट नंबर असतो. त्या शेताला घरात काय म्हणतात, ते नसतं. पोळ्याचं तोरण कुठं बांधायचे, मृगाआधी धाब्याच्या छतावर खारी माती कशी पसरायचे, पुराचं पाणी कोणत्या पायरीपर्यंत यायचं, हे आजी-आजोबांना ठाऊक आहे. शाळेतल्या मुलांनी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावं. एक प्रत शाळेत, एक ग्रामपंचायतीत ठेवावी.

घरं पाडायला यंत्रं येतील, त्याआधी ही वही भरलेली असू द्या. नव्या गावठाणात जन्मणाऱ्या लेकरांचाही त्या जुन्या गावावर हक्क आहे.