बिननेढ्याचे गळ
(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सचिवांनी "तुमच्या छंदावर दोन शब्द बोला" म्हटलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणत होतो. या छंदानं आपल्या जिन्यात एकदा रक्त काढलेलं आहे. जुन्या सभासदांना आठवत असेल. मग म्हटलं, तेच सांगून टाकू.

वडिलांची एक पत्र्याची डबी माझ्याकडे आहे. तिच्यात जुने विलायती गळ. इंग्लंडातलं रेडिच हे सुयांचं गाव, गळांसाठीही तेच नावाजलेलं. पण सुईला नेढं असतं, या गळांना नाही! दांडी नुसतीच निमुळती. वडील अडाण नदीवर मरळ धरायला जात, तेव्हा दोरा दांडीलाच करकचून बांधत. मी दांडीवर बारीक दोरीचा फासा बसवतो, वरून मेण लावलेला रेशमी दोरा गुंडाळतो. झालं नेढं. मग दोन्ही बाजूंना कोंबड्याची दोन-दोन लांब पिसं, चकाकती बाजू बाहेर. पाण्यात ओढलं की छोटी मासोळी पोहते आहे असं वाटतं.

ही कला अमेरिकेतली. मेन राज्यातल्या कॅरी स्टीव्हन्स या बाईंनी 1 जुलै 1924 रोजी स्वतः बांधलेल्या पिसांच्या माशीवर तीन किलोंवरचा ट्राउट पकडला आणि त्या गाजल्या. त्या शिकंजा न वापरता हातातच बांधत. मला अजून जमलं नाही बाप्पा! त्यांच्या माशीला गालावर जे डोळ्यासारखं पीस असतं, ते मात्र आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याचं. मानेवरच्या त्या पिसांवर मेणाच्या थेंबासारखे ठिपके असतात. पिसांसाठी हे पक्षी फार मारले गेले. 1902 साली हिंदुस्थानातून पिसं बाहेर न्यायला बंदी झाली, आज तर पक्ष्यालाच कायद्याचं संरक्षण आहे. म्हणून मी साध्या कोंबडीच्या पिसावर सौ.च्या नेलपॉलिशचा ठिपका देतो. तिची तक्रार वेगळी.

आता जिन्याचं. एकदा माझ्या पिशवीतून एक गळ पायरीवर पडला आणि खालच्या मजल्यावरच्या लेकराच्या तळपायात घुसला. उलट्या काट्यामुळे तो मागे निघेना. डॉक्टरांनी चिरून काढला. लेकराची आई मला काही म्हणाली नाही, हेच जास्त लागलं. त्याची आजी मात्र म्हणाली, "भाऊ, मासोळीलाही असंच होत असेल नाही?" कारंज्यात राहून मला हा प्रश्न तोवर कुणी विचारला नव्हता, आणि माझ्याकडे उत्तरही नव्हतं.

वर्षभर डबी उघडली नाही. पुन्हा उघडली ती त्याच पोरानं, सातवीत असताना. म्हणाला, "काका, काटा काढून टाकला तर?" पकडीनं दाबायला गेलो तर जुनं कडक पोलाद, कटकन मोडलं. दोन गळ गेले. मग बारीक कानशीनं घासत बसलो, तो दिवा धरून. आता माझ्या एकाही गळाला उलटा काटा नाही. धरणावरही जात नाही. बांधलेल्या माश्या काचेच्या चौकटीत लावतो; एक आपल्या सभागृहात आहे.

डबीत आता 31 गळ आहेत. रोज रात्री मोजून झाकण लावतो. दिवाळीत तो पुण्याहून आला की मोजायचं काम त्याच्याकडे.