झुंझाररावाच्या कानाशी

आपल्या शिराळा तालुक्याच्या दक्षिण अंगानं वाहणारी वारणा पुढं सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळते. त्याच हरिपुरात 1855 साली नाटककार गोविंद बल्लाळ देवल जन्मले. देवल म्हटलं की 'शारदा' आठवते. मी मात्र आज त्यांच्या 1890 सालच्या 'झुंझारराव'विषयी बोलणार आहे.

हे शेक्सपिअरचं 'ऑथेल्लो'. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी केलेलं त्याचं भाषांतर 1867 सालीच छापून झालं होतं. देवलांनी पात्रांना आपल्याकडची नावं दिली. सेनापती ऑथेल्लो झाला झुंझारराव, त्याची बायको डेस्डेमोना झाली कमळजा आणि तो कपटी इयागो झाला जाधवराव. साताऱ्याच्या शाहूनगरवासी मंडळीनं हे नाटक गाजवलं. गणपतराव जोशी त्यात झुंझारराव करीत.

गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. बढती हुकली म्हणून हाताखालचा माणूस डूख धरतो, सेनापतीचे कान भरतो आणि अखेर सेनापती स्वतःच्या निर्दोष बायकोचा गळा दाबतो. एवढ्यावरून वाटेल की इयागो खोटं बोलण्यात पटाईत असणार. पण मूळ नाटकाचा तिसरा अंक बारकाईनं वाचा. सुरुवातीला तो खोटं जवळजवळ बोलतच नाही. कॅसिओ नावाचा अधिकारी डेस्डेमोनाशी बोलून घाईनं निघून जातो, त्यावर हा स्वतःशीच पुटपुटल्यासारखं काहीतरी नापसंतीचं म्हणतो. काय म्हणालास, असं विचारलं तर काही नाही म्हणतो. मग एक अर्धा प्रश्न. मग गप्प. मग वर सल्ला, की साहेब, मत्सरापासून सांभाळा! रिकाम्या जागा ऑथेल्लो स्वतः भरतो, आणि माणसानं स्वतः काढलेला निष्कर्ष तो सहसा सोडत नाही. प्रवेशाच्या आरंभी बायकोवर जीव टाकणारा हा शूर माणूस त्याच प्रवेशाच्या शेवटी तिच्या मरणाची भाषा बोलू लागतो. डेस्डेमोनाच्या हरवलेल्या रुमालाचा पुरावा येतो, पण तो केवळ शिक्का मारण्यापुरता.

शेवटच्या प्रवेशात इयागोला विषारी सापाची उपमा दिलेली आहे. शिराळ्याचा माणूस ती मान्य करणार नाही. नागपंचमीच्या या गावाला नाग चांगला माहीत आहे. तो फणा काढतो, फूत्कारतो, मागं सर म्हणून बजावतो. जाधवराव बजावत नाही, उलट तुमच्यावर माझा जीव आहे असं सांगतो. नाटकभर सगळे त्याला प्रामाणिक म्हणतात, अगदी ज्याचा तो घात करतोय तो कॅसिओसुद्धा.

आता गंमत पाहा. याच देवलांनी संशयावर दुसरं नाटकही लिहिलं, 'संशयकल्लोळ'. त्याचा पहिला गद्य अवतार, 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा', 'झुंझारराव'नंतर तीनच वर्षांनी आला. इकडे रुमाल, तिकडे तसबीर. इकडे नवऱ्याला बायकोचा संशय, तिकडे फाल्गुनराव आणि त्याची बायको कृत्तिका दोघांनाही एकमेकांचा. तरी आपण पोट धरून हसतो. फाल्गुनराव काही झुंझाररावापेक्षा शहाणा नाही. माझ्या मते बराच उथळ आहे. पण त्या घरात भांडण तोंडावर होतं. कृत्तिका आवाज चढवते, फाल्गुनराव आदळआपट करतो, आणि या गोंगाटातच घोटाळा उलगडतो. तिथं जाधवराव नाही. म्हणजे दोघांच्या मधे उभं राहून, विचारू नका, नुसतं लक्ष ठेवा, असं सांगणारा कुणी नाही.

जाधवरावाचं खरं काम हेच. कमळजेला सरळ विचारलं असतं तर डाव तिथंच मोडला असता. मूळ नाटकात ऑथेल्लो इयागोला विचारतो, दासीला विचारतो. बायकोकडं रुमाल मागतो, पण मनातलं आरोपपत्र काही वाचून दाखवत नाही. ती बिचारी घाबरून, रुमाल हरवलेला नाही, असं सांगून बसते आणि जाळ्यात आणखी गुरफटते. कॅसिओचं नाव घेऊन तो तिला स्पष्ट बोलतो ते शेवटच्या रात्री, तेव्हा त्याचा निवाडा झालेला असतो. कॅसिओला बोलावून खरं काय ते विचार, असं ती विनवते. तो बोलावत नाही.

आणि खरं बाहेर यायला किती वेळ लागतो? ती दासी, म्हणजे इयागोची बायको एमिलिया, आरडाओरडा करून माणसं जमवते. रुमालाचा विषय निघताच ती सांगते, तो मला सापडला आणि मीच नवऱ्याला दिला. इयागो तिला गप्प राहायला सांगतो, घरी जा म्हणतो. ती ऐकत नाही, म्हणून तिला भोसकतो. नाटकभर ज्याची जीभ थांबली नाही, त्याला ऑथेल्लो इतरांना विचारायला सांगतो, हे का केलंस? यापुढं मी एक शब्द बोलणार नाही, असं तो सांगतो, आणि बोलत नाही.