अर्ध्या वितीची टॅक्सी

आगाशीच्या आमच्या गटातर्फे आम्ही चौघी बोलतोय. आमच्या गावाचं नाव काढलं की लोकांना सुकेळी आठवतात, राजेळी केळी सोलून उन्हात सुकवलेली. तुम्हालाही वाटलं असेल, आज त्याचीच कृती ऐकायला मिळणार. तसं नाही. आज आम्ही प्लास्टिकच्या छोट्या गाड्यांबद्दल सांगणार आहोत. सुटे भाग जोडून, घासून, रंगवून तयार करायच्या हुबेहूब गाड्या. खेळायला नाही, कपाटावर ठेवायला.

कुणी हसत असेल तर हसू द्या. आम्हाला पहिला प्रश्न विचारला गेला तो असा, "त्याचे किती मिळतात?" बाई दोन तास मान खाली घालून बसली म्हणजे त्याचे पैसे यायला हवेत, असं घरातल्यांना वाटतं, शेजारणींना वाटतं आणि आपल्यालाही वाटतं. तर उत्तर देऊन टाकतो. काही मिळत नाही. उलट थोडे जातात.

आता ही गाडी खेळण्यातल्या गाडीपेक्षा वेगळी कशी, ते सांगतो. दिवाळीत आपली मुलं अंगणात किल्ला करतात. त्यात मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि गुहेतला वाघ घोड्यापेक्षा मोठा. किल्ल्यात ते चालतं, त्याची मजाच ती. मॉडेलमध्ये चालत नाही. इथे सगळं एकाच मापाने लहान होतं. खोक्यावर १:२४ असं लिहिलेलं असतं, त्याला एकास चोवीस म्हणायचं. खऱ्या गाडीचे २४ इंच म्हणजे मॉडेलचा १ इंच. साडेपाच फुटांचा माणूस या मापात पावणेतीन इंचांचा होतो, आपल्या मधल्या बोटाएवढा. ब्लाउजचं माप घेणाऱ्या बाईला हे गणित कुणी शिकवायला नको.

या छंदाची सुरुवात कुठून झाली पाहा. इंग्लंडमध्ये एअरफिक्स नावाची कंपनी १९३९ साली निघाली. सुरुवातीला ती रबराची हवा भरलेली खेळणी करायची, मग प्लास्टिकचे कंगवे करायला लागली. १९४९ च्या सुमारास एका ट्रॅक्टर कंपनीने आपल्या विक्रेत्यांना दाखवायला छोटा ट्रॅक्टर करून मागितला. तो जोडून द्यायला खर्च फार येऊ लागला, तेव्हा त्याचे सुटे भागच विकायला काढले, जोडायचं काम गिऱ्हाइकाचं. म्हणजे जगभर ज्या छंदाला लोक मोटारींचा आणि विमानांचा छंद म्हणतात, त्यात या कंपनीचं पहिलं पाऊल शेतावरच्या ट्रॅक्टरचं. जपानमधल्या शिझुओका शहरात तामिया नावाची कंपनी आहे, ती १९४६ साली लाकडाच्या धंद्यात सुरू झाली आणि नंतर प्लास्टिकच्या मॉडेलकडे वळली. आज या कामात तिचं नाव फार मोठं आहे. तिचे संच आपल्याकडे मिळतात, पण मोटारीच्या एका खोक्याला हजारांत पैसे पडतात. ते आपलं काम नाही, निदान सुरुवातीला तरी नाही.

आमच्याकडे पहिला खोका आला तो आखातात नोकरी करणाऱ्या एका भाच्याच्या बॅगेतून. मुलांसाठी आणलेला. मुलं दोन दिवसांत कंटाळली आणि खोका आमच्या हातात आला. ती गाडी कुठली तरी परदेशी शर्यतीची. चांगली झाली, पण तिच्याशी आमचं काही नातं नव्हतं. मग आमच्यातली एक म्हणाली, करायची तर बाबांची टॅक्सी करू.

तिचे वडील मुंबईत काळी-पिवळी चालवायचे, प्रीमियर पद्मिनी. तरुण मुलींना ही गाडी सांगायला हवी. कुर्ल्याच्या कारखान्यात वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती बनवली. मूळची इटलीची फियाट, म्हणून टॅक्सीवाले शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत राहिले. पद्मिनी हे नाव १९७४ साली मिळालं. लग्नाच्या वऱ्हाडाला, बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला, विलायतेला जाणाऱ्याला विमानतळावर सोडायला हीच गाडी. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मुदत आहे. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २००३ च्या ऑक्टोबरात झाली होती, म्हणून २०२३ चा ऑक्टोबर सरला तशी ती रस्त्यावरून गेली. या मैत्रिणीच्या वडिलांची गाडी त्याच्या कितीतरी आधी भंगारात गेली होती. ज्या गाडीवर तीन मुलांची शिक्षणं झाली, तिचा घरात एक धड फोटो नव्हता. फोटो काढायला गाडी रिकामी आणि धुतलेली पाहिजे, आणि तशी ती कधी उभीच नसायची.

पद्मिनीचा जोडायचा संच आम्हाला मिळाला नाही. म्हणून बाजारातली ओढून सोडायची प्लास्टिकची टॅक्सी आणली. मोजपट्टी लावली. खरी पद्मिनी लांबीला सुमारे ३.९ मीटर, आणि खेळणं भरलं १२ सेंटिमीटर. म्हणजे एकास बत्तीसच्या जवळपास. अर्धी वीत.

आता काम कसं करायचं ते नीट ऐका, कारण इथे घाई झाली की सगळं पुन्हा करावं लागतं.

आधी प्लास्टिक ओळखा. बादली-टपाचं जे मेणचट लागणारं प्लास्टिक असतं, त्यावर रंग धरत नाही, नखाने सोलून निघतो. टणक आणि टकटक वाजणारं असेल ते घ्या. खालचे स्क्रू काढून गाडी मोकळी करा आणि सगळे भाग भांड्यांच्या साबणाने जुन्या टूथब्रशने धुऊन सावलीत वाळवा. साच्यातून निघताना प्लास्टिकला तेलकटपणा राहतो, शिवाय हाताचा घामही लागतो. त्यावर रंग टिकत नाही. खोक्यातला संच असेल तर भाग काडीच्या चौकटीला लागलेले असतात, केळीच्या दांड्याला फण्या लागाव्यात तसे. ते पिळून तोडायचे नाहीत. भागापासून थोडं लांब नेलकटरने कापायचं आणि उरलेला टोक नखं घासायच्या कानशीने सपाट करायचा.

मग पॉलिश पेपर. हार्डवेअरच्या दुकानात ४०० आणि १००० नंबरचा मागा. तो पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवा. ओल्याने घासलं की धूळ उडत नाही, नाकात जात नाही. खेळण्यावर साच्याची एक उभी रेघ असते, ती दिसेनाशी होईपर्यंत घासायचं. आमच्यातल्या थोरल्या जाऊबाई यात सगळ्यांच्या पुढे. पुरणाच्या पोळीला बोट लावून कळतं तसं त्यांना रेघ गेली का राहिली ते बोटाला कळतं, चष्मा लागत नाही.

त्यानंतर अस्तर, म्हणजे प्रायमर. पिवळा रंग फार अशक्त असतो, खाली जे असेल ते दाखवतो, म्हणून टपाखाली पांढरंच अस्तर हवं. रंगांचा क्रम फिका आधी, गडद नंतर. टप पिवळा, खालचं अंग काळं, तर आधी पिवळा. आणि पातळ. हे आम्ही प्रत्येक बाईला तीनदा सांगतो. एकास बत्तीसच्या मापात अर्धा मिलिमीटर जाड रंग म्हणजे खऱ्या टॅक्सीवर १६ मिलिमीटरचा लेप. असा लिंपलेला टप घेऊन फिरणारी टॅक्सी कुणी पाहिली आहे का? चार पातळ हात द्या, दर हाताच्या मध्ये पुरतं वाळू द्या.

पिवळा पक्का वाळला की कागदी चिकटपट्टी लावून टप झाकायचा. पट्टी आधी दोनदा लुगड्यावर किंवा तळहातावर चिकटवून काढा, म्हणजे तिचा चिकटपणा कमी होतो आणि ती खालचा रंग उचलत नाही. काठ नखाने दाबा. आता एक युक्ती. काळा लावायच्या आधी त्याच काठावरून परत एक पातळ पिवळा हात द्या. पट्टीखाली जी फट राहिली असेल ती पिवळ्यानेच भरते आणि मग काळा आत शिरत नाही. पट्टी काढली की रेघ सुरीने कापल्यासारखी येते. त्या क्षणाला सगळ्या जणी काम सोडून बघायला येतात.

बंपर आणि पुढची जाळी चकचकीत हवी. त्यासाठी चंदेरी पेन चालतं, पण पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद गोंदाने चिकटवून टूथपिकने घासून बसवला तर खऱ्यासारखा दिसतो. काचांना मात्र झटकन चिकटणारा गोंद लावू नका, त्याची वाफ लागून काच पांढुरकी होते. मुलं शाळेत वापरतात तो पांढरा गोंद लावा, वाळला की दिसत नाही.

आमची गाडी झाली. काळं अंग, पिवळा टप, टपावर सामानाचं कॅरिअर तारेचं. मैत्रिणीने ती वडिलांसमोर ठेवली. आम्ही सगळ्या त्यांना अण्णा म्हणतो. पंच्याहत्तरी ओलांडलेली, बोलणं कमीच. त्यांनी गाडी तळहातावर घेतली, उलटी केली, सुलटी केली. मग म्हणाले, "मीटर कुठे आहे?"

मीटर आम्ही आत डॅशबोर्डवर काढला होता, हल्लीच्या गाड्यांत असतो तसा. अण्णांनी सांगितलं, जुना मीटर बाहेर असायचा, डाव्या अंगाला, पुढच्या काचेच्या अलीकडे. त्याचा दांडा हाताने खाली पाडायचा. चालवणाऱ्याने आतून हात बाहेर कसा काढायचा, पावसात कसा भिजायचा, तेही करून दाखवलं. मग सीटवर कुठल्या रंगाचं कव्हर होतं, आरशाला काय टांगलं होतं, पहिली गाडी कुणाच्या परमिटवर चालवली. मैत्रीण म्हणते, एवढं बोलताना तिने त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आम्ही काडेपेटीच्या काडीतून मीटर कोरला आणि अण्णांनी दाखवला तिथे लावला. परमिटची गोष्ट तिने वहीत लिहून ठेवली आहे.

आता धोक्याचं सांगतो, आणि यात हयगय नको. दुकानातले स्प्रे आणि तेलकट रंग थिनरवर चालतात. थिनरची वाफ पेट घेते. स्वयंपाकघरात, गॅसजवळ, देवापुढच्या समईजवळ, डासांच्या अगरबत्तीजवळ त्याची बाटली उघडायची नाही. दार-खिडक्या बंद करूनही नाही. वास डोक्यात चढतो, फुप्फुसात जातो. लहान मुलं आणि पोटुशी बाई तिथे नको. तोंडाला बांधलेला पदर किंवा साधा मास्क धूळ अडवेल, वाफ नाही. आमचं म्हणाल तर आम्ही थिनर घरात आणतच नाही. पाण्यावर चालणारे ॲक्रिलिक रंग, मुलांच्या चित्रकलेचे असतात ते, अस्तरावर पातळ हाताने दिले तर पुरेसे चांगले दिसतात. फक्त अस्तराचा स्प्रे मारायचा असतो, तो गच्चीवर, वारा पाठीमागून घेऊन. थिनर उरलाच तर शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका. मुलं बाटलीवरचं नाव वाचत नाहीत, रंग बघतात.

आणि आपली हवा लक्षात घ्या. समुद्रकाठी पावसाळ्यात स्प्रेचा रंग दमट हवेने पांढुरका पडतो, आणि पाण्याचा रंग वाळता वाळत नाही. म्हणून आम्ही ज्येष्ठ ते भाद्रपद कापायचं, घासायचं, जोडायचं काम करतो, आणि रंगाला दसऱ्यानंतर हात लावतो.

शेवटी पैशाचं. काही जणी म्हणाल्या, आता या गाड्या विकू या, गृहउद्योग करू. आमचं मत विरोधात आहे आणि ते आम्ही बैठकीतही मांडलं. वसई-विरार पट्ट्यात आपल्यातल्या कितीतरी जणी कारखान्याचं काम घरी आणतात. खोट्या दागिन्यांचे खडे चिकटवणं, प्लास्टिकच्या वस्तूंच्या कडा कापणं, डझनाच्या भावाने. तिथेही छोटे भाग, तिथेही मान खाली. पण तिथे हात जेवढा भराभर चालेल तेवढे पैसे, आणि वस्तू कुणाची होती ते बाईला कळतही नाही. टॅक्सी विकायला काढली की आठवडाभरात भाव ठरेल, मग घासण्याचे दोन तास अर्ध्या तासावर येतील, आणि अण्णांना मीटर कुठे होता हे विचारायला कुणाला फुरसत राहणार नाही. जिला पैशाची गरज आहे तिच्यासाठी गटात सुकेळी आहेत, मसाले आहेत, कर्ज आहे. हे दोन तास वेगळे ठेवू द्या. खर्च म्हणाल तर एक खेळणं, एक अस्तराचा डबा, दोन पॉलिश पेपर, रंगाच्या पाच बाटल्या, आणि त्यात आम्ही चौघी भागीदार. गटाच्या बचतीला हात लावलेला नाही, वर्गणी वेगळी.

वेळ कुठून काढता, असं एका ताईंनी विचारलं होतं. रविवारी दुपारी दोन ते चार. पुरुष झोपतात तेव्हा.

पुढचं काम ठरलं आहे. एकीचा भाऊ अर्नाळ्याला मासळीचा टेम्पो चालवायचा, तिला तो करायचा आहे. टेम्पो खेळण्यात मिळाला तर बरं, नाहीतर जुन्या डब्यांच्या झाकणांपासून कापून करू. अंगावर गंज दाखवायला तपकिरी रंगात हळद मिसळून बघणार आहोत, जमेल की नाही ते पुढच्या वेळी सांगू. जिला यायचं असेल तिने जुना टूथब्रश, नेलकटर आणि वर्तमानपत्राची रद्दी आणावी. रंग आमच्याकडे आहेत.