अडगळ आणि दान

(श्री विठ्ठल-रखुमाई मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यात दुसऱ्या दिवशी सायंकाळी झालेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. माझे शिक्षण एस.एस.सी.पर्यंतचे आणि नोकरी तहसील कचेरीत कारकुनाची. काल रात्री कीर्तनकार महाराजांनी जे सांगितले त्यापुढे मी परमार्थ तो काय सांगणार? म्हणून कागदांच्या गठ्ठ्यांत वावरताना जे थोडेफार कळले त्यावरच बोलतो. घरातली कोणती वस्तू ठेवावी, कोणती काढावी आणि काढलेली कोणाच्या हाती द्यावी, एवढाच माझा विषय आहे.

देवळाचे काम सुरू होण्याआधी आपण सभामंडप आणि मागची खोली रिकामी केली, हे सर्वांना आठवत असेलच. दोन दिवस सामान निघत होते. फुटक्या काचांचे कंदील निघाले, तीन पेट्रोमॅक्स निघाले, कसर लागलेल्या सतरंज्या निघाल्या, पुडी फाटलेला पखवाज निघाला. भिंतीवरची घड्याळे अकरा निघाली. त्यांतली चालू दोनच, आणि त्या दोघांचेही एकमत नव्हते. आपण सगळेच हसलो. परंतु पुढे काय झाले ते पाहा. जुन्या मंडपाची धड कौले निवडली, ती दोन गळक्या घरांवर चढली. पखवाजाला नवी पुडी घातली, आज तो वाडीच्या भजनी मंडळात वाजतो आहे. सागवानी वाशांचे शाळेसाठी बाक झाले. देवळात जी अडगळ होती, ती दुसऱ्याच्या दारी गेल्यावर कामाची वस्तू झाली.

आता प्रत्येकाने मनातल्या मनात आपल्या घराचा माळा आठवावा. लग्नात आलेली मोठी परात, दहा वर्षांत चुलीवर न चढलेले पातेले, नातवंडांचा पाळणा, तीनचाकी सायकल, जिच्यावर बसणारी माऊली आता नाही अशी शिलाई मशीन. विचारले तर उत्तर ठरलेले : “असू दे, लागेल कधीतरी.”

या उत्तराला मी नावे ठेवणार नाही. आपल्या वडीलधाऱ्यांनी १९७२चा दुष्काळ काढला आहे. खडी फोडून आणि सुकडी खाऊन ज्यांनी दिवस ढकलले, त्यांनी सुतळीचा तुकडाही जपून ठेवला तर त्यात नवल नाही. शिवाय त्यांच्या घरात वस्तू नुसती पडून राहत नसे. लुगडे विरले की त्याची गोधडी होई. गोधडीला न पुरलेल्या तुकड्यांची बाळोती होत, मग भांडी उतरवायचे फडके, आणि अगदी शेवटी चिंधी उरली तर तिची वात होऊन ती दिव्यात जळे. उरलेसुरले बोहारीण घेऊन जाई आणि बदल्यात एखादे पातेले देई. ते कपडेही डागडुजी होऊन पुन्हा बाजारात जात. प्रत्येक वस्तूला पुढचे घर ठरलेले होते.

आज ती साखळी तुटली आहे. टेरिकॉटची वात होत नाही आणि त्याच्या बाळोत्याला ओल टिपता येत नाही. वस्तू स्वस्त झाली, घरोघरी येऊन पोहोचू लागली. पण घरातून बाहेर पडण्याची तिची जुनी वाट मात्र बुजली. म्हणून माळे भरले. ही वाट आपल्याला नव्याने पाडायची आहे.

त्यासाठी आमच्या कचेरीतली एक रीत सांगतो. अभिलेख कक्षात कागद सरसकट ठेवत नाहीत, त्यांचे वर्ग लावतात. ‘अ’ वर्ग कायमचा, ‘ब’ ३० वर्षांचा, ‘क’ १० वर्षांचा आणि ‘ड’ एका वर्षाचा. १९८०नंतरच्या दशकात नगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कचेरीतले दप्तर लावण्याची जी पद्धत घालून दिली, ती ‘लखीना पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजली. तिचे मर्म साधे होते. प्रत्येक कागदाची जागा ठरलेली असावी, आणि ज्याचे काम संपले तो टेबलावर राहू नये.

घरालाही हेच वर्ग लावावेत. खरेदीखत, जन्माचे दाखले, आजीच्या हातची एखादी वस्तू हा ‘अ’ वर्ग. त्याला कोणी हात लावू नये. सणासुदीला लागणारे ते ‘ब’. पोरे मोठी होईपर्यंत लागणारे ते ‘क’. आणि वर्षभरात, म्हणजे एका दिवाळीपासून दुसऱ्या दिवाळीपर्यंत, ज्याला कोणाचा हातसुद्धा लागला नाही ते ‘ड’. त्याचा विचार करावा. एक सावधगिरी मात्र बाळगावी. कचेरीत जडवस्तू नोंदवहीतून मोडके कपाट कमी करायचे, म्हणजे आमच्या भाषेत निर्लेखन करायचे, तर अधिकाऱ्याची सही लागते. घरात ती सही घरच्या बाईची असते. तिला न विचारता तिची पातेली कोणी परस्पर दान करू नयेत. ज्याने त्याने आपली वस्तू द्यावी, दुसऱ्याची वस्तू देऊन पुण्य जोडू नये.

आता मुख्य गोष्ट. नको असलेले देणे आणि दान करणे यांत अंतर आहे. कठोपनिषदातली नचिकेताची कथा आपण ऐकली आहे. त्याच्या वडिलांनी सर्वस्व दान करण्याचा यज्ञ मांडला आणि दानात गाई दिल्या त्या अशा, की ज्यांचे खाणेपिणे, दूध देणे सगळे होऊन गेले होते. तो लहानगा मुलगा ते पाहून अस्वस्थ झाला. घेणाऱ्याच्या गळ्यात ओझे घालणे हे कसले दान, हे त्या पोराला कळले.

हजारो वर्षांनीही हा प्रश्न सुटला नाही. आपल्या कोकणातल्या गागोद्याचे विनोबा १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातल्या पोचमपल्लीला होते. तिथे रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर जमीन दिली आणि भूदानाला सुरुवात झाली. पुढे देशभर लाखो एकर जमीन मिळाली. पुष्कळ भूमिहीनांचे संसार त्यावर उभे राहिले. पण दानपत्रांत खडकाळ, पडीक आणि वादातल्या जमिनीही आल्या, त्यांवर कोणाचा नांगर चालला नाही. कागदावर दान झाले, कणगीत दाणा आला नाही.

अलीकडची गोष्ट घ्या. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीची लाट तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळली. देशभरातून जुन्या कपड्यांचे ट्रक धावले. देणाऱ्यांचे मन चांगलेच होते, पण कपड्यांचे ढीगच्या ढीग रस्त्याकडेला पडून राहिले. फाटके, बटणे तुटलेले, तिथल्या माणसांना अंगावर घालता न येणारे कपडे कोण उचलणार? दिल्लीच्या ‘गूंज’ संस्थेने ते गोळा करून, निवडून कामी लावले. ही संस्था अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केली, आणि २०१५ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडे आलेले कपडे निवडतात आणि नीट करतात. अंगात घालण्याजोगे नसलेल्या सुती कापडाच्या, बायकांना पाळीच्या दिवसांत वापरण्यासाठी स्वच्छ घड्या होतात. खेड्यातले लोक आपल्याच गावाची विहीर किंवा रस्ता श्रमाने दुरुस्त करतात आणि त्या कामाचा मोबदला म्हणून कपडे घेतात. त्यामुळे घेणाऱ्याला हात पसरावा लागत नाही, त्याची मान ताठ राहते.

यावरून आपण घरापुरते चार नियम करू. पहिला, वस्तू देण्याआधी धुवावी, शिवावी, तिचा खिळा-बटण बसवावे. आपल्या पाहुण्याला देताना लाज वाटणार नाही, अशीच वस्तू गरिबाला द्यावी. दुसरा, आधी विचारावे. ज्याच्या घरात पंखा टांगायला वासा नाही त्याला पंखा देऊन काय उपयोग? तिसरा, दिल्यावर विसरावे. “ती साडी माझीच बरं का,” असे चारचौघींत म्हटले की ती साडी नेसणारीला दोरखंडासारखी काचते. चौथा, नावाचा हव्यास नसावा. देणगीदारांनी रागावू नये, पण पंख्याच्या पात्यांवर आपण नावे रंगवतो आणि पंखा फिरू लागला की एकही नाव वाचता येत नाही. वारा मात्र सर्वांना लागतो. दानाचे असेच असावे.

गाडगेबाबांचे उदाहरण यापेक्षा मोठे कोणते? अंगावर चिंध्यांचा अंगरखा, हातात गाडगे आणि झाडू. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. पंढरपूर, नाशिक अशा ठिकाणी त्यांनी लोकांच्या पैशांतून धर्मशाळा उभ्या केल्या, आणि २० डिसेंबर १९५६ रोजी ते गेले तेव्हा त्यांचा स्वतःचा असा संसार नव्हता. त्यांच्या हातून इतके वाहिले, कारण त्यांनी स्वतःसाठी काही अडवून ठेवले नाही.

बंधूंनो, आता थोडे अवघड बोलतो. आपल्यात माणूस गेले की त्याच्या नावाने छत्री, काठी, जोडा देण्याची चाल आहे. पूर्वजांनी ती उगाच पाडलेली नाही. गेलेल्याची काठी चालत्या माणसाच्या हाती गेली पाहिजे, असा तिचा अर्थ मी लावतो. आज म्हाताऱ्या माणसाच्या उशाशी काठीच्या जोडीला वॉकर असतो, चाकाची खुर्ची असते, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी असते. माणूस जाते. छत्री-काठी आपण देतो, आणि वॉकर माळ्यावर टाकतो. त्याच महिन्यात दोन आळ्या पलीकडे एखादी आजी न्हाणीत घसरून पडते. मजुराच्या घरी वॉकर आणायचा म्हणजे तालुक्याचा हेलपाटा आणि दोन-तीन दिवसांची मजुरी. तोवर आजी खाटेवर. हाड सांधले तरी पडून राहिलेले माणूस पुन्हा उभे राहायला जड जाते. आपल्या माळ्यावरच्या धुळीत कोणाचे तरी चालणे अडकून पडलेले असते, हे ध्यानात घ्या. आपल्या माणसाची आठवण म्हणून तो वॉकर ठेवावासा वाटतो, हे मला समजते. पण ती आठवण गावातून चालत असेल तर अधिक काळ टिकेल.

दुसरे असे की, देणे आपल्या हयातीत आणि आपल्या हाताने व्हावे. जमिनीच्या वारसांची नोंद गाव नमुना सहा-क मध्ये होते. घंगाळाला आणि समईला सातबारा नसतो. माणूस डोळे मिटते आणि ज्या वस्तूकडे वीस वर्षे कोणी पाहिले नाही, तिच्यावरून सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात. कचेरीत समोरासमोर बसून एकमेकांकडे न बघणारे भाऊ मी पुष्कळ पाहिले आहेत. जमिनीचा वाद मोडतो, पण एखाद्या तांब्याच्या हंड्याचे शल्य जात नाही. आईने स्वतः हाक मारून “ही समई तुझी, हे घंगाळ धाकटीचे आणि ही परात गावाची,” असे सांगितले असते तर पुढचे सगळे टळले असते.

शेवटी समितीपुढे आणि आपणा सर्वांपुढे एक विनंती ठेवतो. देवळाशेजारची नवी खोली बांधून झाली आहे. तिच्यात तीन प्रकारच्या वस्तूंची सोय करावी. एक, लग्नकार्याची मोठी भांडी. पूर्वी अनेक गावांत अशी गावकीची भांडी असत, पातेली, पराती, झारे; त्यामुळे गरिबाच्या घरचे कार्य भाड्याशिवाय उरकत असे. दोन, आजाऱ्याचे साहित्य. ते हवे त्याने न्यावे, काम झाले की पुसून आणून ठेवावे. तीन, नववी-दहावीची पुस्तके. कारण आठवीपर्यंतची आपल्या शाळेत फुकट मिळतात, पुढची विकत घ्यावी लागतात. अभ्यासक्रम बदलला नाही ना, तेवढे मास्तरांनी पाहावे.

कपडे तिथे आणून टाकू नयेत; ते ज्याचे त्याने नीट करून, विचारून, हातोहात द्यावेत. शहरांतून ‘माणुसकीची भिंत’ म्हणून जागा केल्या आहेत. कल्पना फार चांगली, पण देखरेख करणारे माणूस नसेल तर अशा जागेचा उकिरडा व्हायला वेळ लागत नाही. मुदत संपलेली औषधे कोणालाच देऊ नयेत. आणि हात जोडून सांगतो, देवांच्या जुन्या तसबिरी पिंपळाखाली ठेवू नका. त्यांच्या काचा फुटून पोरांच्या पायात जातात. काच आणि चौकट वेगळी काढावी. चौकट शाळेला उपयोगी पडते.

खोलीत एक नोंदवही राहील. काय आले आणि काय बाहेर गेले, एवढेच तिच्यात लिहायचे. परत आणायची वस्तू नेणाऱ्याचे नाव सांभाळणाऱ्याने वेगळ्या कागदावर घ्यावे आणि वस्तू परत आली की तो कागद फाडावा. नोंदवही लिहिण्याचे काम समितीने माझ्याकडे दिले तर दर रविवारी सकाळी एक तास मी आनंदाने बसेन. येत्या रविवारी आपण पहिला माळा उतरवू. ज्यांच्या घरी शिडी नाही त्यांनी सांगावे, देवळाची नवी शिडी मिळेल.